हेमलताचं ऑपरेशन

९ ऑगस्ट २०१५, रविवार

त्या दवाखान्यातलं मशीन बिघडलेलं असणार. शशिकांतच्या रिपोर्टवर शून्य लिहून आलं आहे. कमी नाही, थोडे नाही, शून्य! सदतीस वर्षं मी शाळेत पेपर तपासले. पोराने नुसतं नाव नीट लिहिलं असलं तरी अर्धा मार्क हातावर ठेवायची. आणि इथे माझ्या मुलाला चक्क भोपळा.

लग्नाला नऊ वर्षं झाली. हेमलताला दोनदा दुर्बीण घालून पाहिलं, नळ्यांत औषध सोडून फोटो काढले, कटंगीच्या वैद्याचा काढा झाला, मंगळवार झाले, सोमवार झाले. शशीला कधी तपासलं नाही, कारण तशी गरजच वाटली नाही. उंचापुरा गडी, इथे जबलपूरच्या सरकारी फॅक्टरीत चार्जमन, कधी सर्दी-पडसं नाही. त्याचं काय तपासायचं? पण ही नवी डॉक्टरीणबाई म्हणाली, नवऱ्याचा रिपोर्ट आणल्याशिवाय मी बाईला हात लावणार नाही. कालची पोरगी, पण तोरा केवढा.

हेमलताने रिपोर्ट दोनदा वाचला, घडी घालून कपाटात ठेवला आणि कणीक मळायला बसली. मला वाटलं होतं, निदान रडेल. मनातून खूश झाली असणार, दुसरं काय.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

दुसऱ्या दवाखान्यात तपासलं. तिथेही भोपळा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "माताजी, बचपन में इनको गलसुआ हुआ था?" गालगुंड म्हणे. मी म्हटलं, नाही. उगाच नसते फाटे कशाला फोडायचे? झाले होते तेरा वर्षांचा असताना, स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या वेळी. गाल सुजले होते, आणि नको त्या जागीही सूज आली होती. रडायचा बिचारा. असलं काही बोलायचं नसतं म्हणून मी त्याला दटावलं, त्याच्या वडिलांच्या, रामरावांच्या कानावर जाऊ दिलं नाही, लेप लावला आणि परीक्षेला नेऊन बसवलं. जिल्ह्यात तिसरा आला. गालगुंड सगळ्याच पोरांना होतात.

शशी शेजारी बसून माझ्याकडे बघत होता. विसरला असेल.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

या कामाचे मोठे डॉक्टर नागपूरहून महिन्यातल्या तिसऱ्या शुक्रवारी येतात. आज त्यांना भेटलो. मराठी माणूस, स्वभावाने बरा वाटला, पण भीडभाड अजिबात नाही. मी समोर बसलेली असताना सगळे शब्द स्वच्छ उच्चारत होते. सातवीच्या विज्ञानातला तो धडा मी दरवर्षी घरी वाचून यायला सांगत असे, आणि आज या वयात मुलगा-सुनेच्या शेजारी बसून तो ऐकावा लागला.

ते म्हणाले, "बाहेर येत नाहीत म्हणजे आत नाहीतच असं नाही, आजी. छोटा छेद देऊन आतला कण न् कण दुर्बिणीखाली शोधायचा. पाच-पन्नास शुक्राणू सापडले तरी पुरे. ते गोठवून ठेवायचे. मग सूनबाईंची बीजं काढायची आणि एकेका बीजात एकेक शुक्राणू सुईने सोडायचा." शंभरातल्या चाळिसांचे सापडतात म्हणे. न सापडले तर पुढे रस्ता नाही.

शशी खाली मान घालून बसला होता. हेमलताने विचारलं, "यांना फार दुखेल का?" एवढ्या गोष्टी विचारायच्या सोडून हे.

घरी आल्यावर देवाजवळ बसले. शशीपुढे आमच्या घरात कुणी नाही. मला नातवंड हवं आहे. अगदी आतून हवं आहे. महिला मंडळातल्या बायका मांडीवर नातवंडं घेऊन बसतात तेव्हा माझ्या मांडीवर पर्स असते. हे मी कुणाला सांगत नाही, इथे लिहिते.

३० ऑगस्ट, रविवार

पुढच्या फेरीला, अठरा सप्टेंबरला, ऑपरेशन ठरलं. काय करायचं ते मी आठ दिवस विचार करून पक्कं केलं आणि आज दोघांना समोर बसवून सांगितलं. ऑपरेशन शशीचं होणार, पण सांगायचं हेमलताचं. पिशवीत गाठी झाल्या आहेत, त्या काढायच्या. नऊ वर्षं लोक तेच समजून आहेत, नवीन काही सांगायला नको. शशीला फॅक्टरीत शंभर माणसांत उठबस करावी लागते. तिथे एकाला कळलं की रोज त्याच्या नावाने हसतील.

शशी म्हणाला, "आई, हिला काहून मधात घालून राहिली?"

"तिचं आता आणखी काय बिघडणार आहे?" मी म्हटलं. खरं तेच म्हटलं.

शशीच्या तोंडावर थोडं हायसं वाटल्यासारखं दिसलं, मी आई आहे, मला कळतं. हेमलता त्याच्याकडेच बघत होती. तिलाही ते दिसलं असावं, कारण ती "बरं" म्हणाली आणि उठली.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

सापडले! चार तास लागले. डॉक्टर टोपी काढत बाहेर आले आणि म्हणाले, "उजवीकडे काहीच नव्हतं. डाव्या बाजूला एका कोपऱ्यात मिळाले. थोडे आहेत, पण जिवंत आहेत. गोठवले." मी त्यांच्या पाया पडायला वाकले, ते मागे सरले.

त्यांनी ताकीद दिली आहे. सात दिवस आडवं राहायचं, बर्फाने शेकायचं, घट्ट लंगोट बांधायचा, आणि पंधरा दिवस पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. डॉक्टर सगळं वाढवूनच सांगतात. आणि शशीने सात दिवस रजा काढली तर फॅक्टरीत विचारणार, बायकोचं ऑपरेशन आणि हा काहून आडवा? दोन दिवसांची काढली आहे. पुढे रविवार येतो आणि महालक्ष्म्यांची सुट्टी त्याला दरवर्षी असतेच.

१९ सप्टेंबर, शनिवार

हेमलताला सकाळीच पुढच्या खोलीत पलंगावर झोपवलं. पोटावर गरम पाण्याची पिशवी, डोक्याला रुमाल. म्हटलं, "कोणी आलं की थोडं कण्हायचं."

ती म्हणाली, "कुठं दुखून राहिलं म्हणून सांगू, आई?"

हा असा स्वभाव. सरळ उत्तर नाही.

दुपारी मंडळाच्या बायका आल्या. इंदू आली, सेक्रेटरी ज्योती आली. इंदू आमच्या अधारतालच्या गल्लीतच राहते, तीस वर्षांची ओळख. शशीने चहा केला आणि ट्रे घेऊन आला. बायको पलंगावर, मग चहा आणखी कोण आणणार? ज्योती म्हणाली, "शशीभैया किती करतात हो हेमाचं! नाहीतर आमच्याकडचे." मला अभिमान वाटला.

इंदूचं लक्ष मात्र भलतीकडेच. "शशी असा पाय फाकवून काहून चालून राहिला?"

"बाइकवरून घसरला." मी पटकन सांगितलं.

त्या गेल्यावर हेमलता ताडकन उठली आणि शशीला आतल्या खोलीत झोपवलं. मला म्हणाली, "मी महिनाभर पडून राहते आई, पाहिजे तेवढं कण्हते. पण यांना उठवू नका." नाटकं करायला लावली तर चांगलीच अंगात आली.

२० सप्टेंबर, रविवार

आज महालक्ष्म्या यायच्या. माळ्यावरून पत्र्याच्या दोन्ही कोठ्या काढायच्या, त्यांत गहू-तांदूळ भरायचे, वर मुखवटे बसवायचे. दरवर्षी शशी आणि हेमलता मिळून करतात. यंदा ज्योती आणि तिची जाऊ सकाळपासून मदतीला येऊन बसल्या, त्यामुळे हेमलताला पलंगावरून हलता येईना. मी शशीला हाक मारली.

तो आला, माळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, लोक आहेत. तो चढला. कोठ्या काढल्या, गव्हाचं पोतं ओढत आणलं, उचलून ओतलं. मधेच एकदा दाराला धरून उभा राहिला. घाम फुटला होता. ज्योती म्हणाली, "काय झालं भैया?" तो म्हणाला, "कुछ नहीं, गर्मी है."

पुढच्या खोलीतून हेमलताने हाक मारली, "आई!" नुसतीच "आई!" मग जोराने कण्हायला लागली, इतकी की ज्योती धावली. म्हणजे सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे हवं. मुखवटे बसवायच्या वेळी हे असं. पण मूर्ती फार सुरेख दिसताहेत यंदा.

२१ सप्टेंबर, सोमवार

पूजा, सोळा भाज्या, आंबील, पुरण सगळं यथासांग झालं. बावीस पानं उठली. शशीने वाढायला हवं होतं, पण दुपारी अंगात कणकण आहे म्हणून झोपला.

२४ सप्टेंबर, गुरुवार

लिहायचं मन नाही, तरी लिहिते. शशीला मंगळवारी रात्रीपासून एकशे चारचा ताप. सूज पपईएवढी. काल दवाखान्यात नेलं, आज सकाळी पुन्हा ऑपरेशन. आत रक्त साकळून पू झाला होता. डावी बाजू काढून टाकावी लागली. ज्या बाजूला मिळाले होते, तीच.

इथल्या सर्जनने विचारलं, "वजन किसने उठवाया?" हेमलताने माझ्याकडे पाहिलं. शशी अर्धवट गुंगीत होता, तरी म्हणाला, "मैंने खुद उठाया." माझा मुलगा आहे.

मी तरी काय करणार होते? ज्योती समोर बसली होती. हेमलताने सकाळीच उठून, बरं वाटतं म्हणून, हात लावला असता तर? पण नाही, मी सांगितलं म्हणून पडून राहिली. कुठे ऐकायचं आणि कुठे नाही एवढंही कळत नाही.

जे गोठवले आहेत तेवढेच आता. पुन्हा मिळायचे नाहीत.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

दवाखान्याबाहेर औषधाच्या दुकानात ज्योतीने गाठलं. "अनसूयाकाकू, परत ॲडमिट? काहून, काय झालं?" माझ्या हातात शशीच्या नावाची चिठ्ठी होती, ती मी मुठीत चुरगाळली. तोंडातून निघून गेलं, "हेमाची पिशवीच काढावी लागली गं."

ज्योतीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते शशीसाठी.

हेमलताला सांगावंच लागलं, उद्या कुणी तिला विचारेल. वाटलं, चिडेल. ती हसली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मोठ्याने हसली. म्हणाली, "तुम्ही माझी पिशवी काढली, आई? आणखी काय काय काढायचं राहिलं आहे, तेही एकदाच सांगून टाका."

मी तिथून निघून आले. असल्या बोलण्याला उत्तर द्यायची माझी पद्धत नाही.

१८ ऑक्टोबर, रविवार

लोक फार चांगले आहेत. रोज कोणी ना कोणी येतं. "तुमचा वंश थांबला हो," म्हणून माझे हात धरतात. एक बाई तर म्हणाल्या, शशीचं वय काय, अजून विचार करता येईल. त्यांच्या नात्यात अमरावतीची मुलगी आहे. मी हो म्हटलं नाही, पण नाही तरी कशाला म्हणायचं? हेमलता तेव्हा चहा घेऊन दारातच उभी होती.

इंदू आज एकटीच आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "माझ्या भाच्याचंही ऑपरेशन झालं होतं रायपूरले. पोरासाठीचं. माणसाचंच होते ते अनसूया, बाईचं नाही. त्यानं तर सगळ्यायले सांगून टाकलं. कोणी काही म्हटलं नाही. दोन पोरी आहेत आता."

मी म्हटलं, "हो का? बरं झालं बाई." आणि चिवड्याचा डबा काढला. हे मला सांगायचं इंदूला काय कारण पडलं होतं, कळलं नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

शशी बदलला आहे. कामावरून आला की हेमलताच्या मागेमागे स्वयंपाकघरात. भाजी चिरतो. तिला पोटात सुया घ्यायच्या आहेत, बीजं तयार व्हायची सुया, त्या हाच टोचतो. नऊ वर्षांत असं कधी नव्हतं. पूर्वी संध्याकाळी माझ्याजवळ बसून फॅक्टरीतलं सगळं सांगायचा. आता विचारलं तर "हो", "नाही", "ठीक आहे". दवाखान्यात मला नेत नाहीत. "कागदांवर आम्हा दोघांच्याच सह्या लागतात, आई," म्हणाला.

पोटच्या पोराला कुणी काय शिकवलं हे मला कळत नाही असं नाही.

५ जानेवारी २०१६, मंगळवार

हेमलताला दिवस गेले! रिपोर्ट आला. मी स्वतः वाचला, दोनदा. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "बधाई हो दादीजी." दादीजी!

मी ओमतीच्या बाजारापर्यंत जाऊन पेढे आणले, देवापुढे ठेवले, हेमलताच्या हातावर ठेवला एक. तिच्या डोक्यावरून हातही फिरवला, नऊ वर्षांत पहिल्यांदा असेल. ती अवघडली. मग डबा घेतला आणि तशीच चपला घालून इंदूकडे निघाले. इंदूला सगळ्यांत आधी सांगायचं हे माझं कधीचं ठरलेलं.

तिच्या फाटकाच्या कडीला हात लावला आणि आठवलं. हेमलताची पिशवी काढली आहे.

किती वेळ उभी होते कोण जाणे. आतून इंदूने विचारलं, "कोण आहे?" मी काही न बोलता परत आले. पेढे तसेच आहेत.

७ फेब्रुवारी, रविवार

संक्रांतीची हळदीकुंकवं हेमलताची तब्येत सांगून निभावली. पुढे पोट दिसायला लागणार. मी महिनाभर डोकं शिणवलं आणि मार्ग काढला. आज दोघांना सांगितलं. हेमलताने आताच माहेरी, काटोलला जायचं. मी इथे सांगते की दोघं मूल दत्तक घेताहेत, नागपूरच्या संस्थेतून. बाळंत झाली की दोन महिन्यांनी बाळ घेऊन यायचं. घरातलं बाळ घरात, आणि कुणाच्या तोंडाला विषय नाही.

शशी म्हणाला, "आई, सीधी बात सांगून टाक ना. ऑपरेशन माझं होतं. मला आता काही वाटत नाही."

"तुला वाटत नसेल. मी मेल्यावर सांगा काय सांगायचं ते."

त्याने हेमलताकडे पाहिलं. हल्ली दोघं एकमेकांकडे असं बघतात की मी खोलीत नाहीच. "माझ्या पोटातलं बाळ मी दत्तक घेऊ?" हेमलता म्हणाली. आवाज चढवला नाही. मग म्हणाली, "बरं. जाते मी काटोलला."

समजूतदारपणा आला थोडा. आई होणार म्हटलं की येतो.

८ मार्च, मंगळवार

आज मंडळाने महिला दिनाला माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, मानपत्र. "श्रीमती अनसूयाबाई टेंभेकर यांनी सुनेचं दुर्दैव पदरात घेऊन, परक्या जिवाला घराचं दार उघडलं," असं ज्योतीने वाचून दाखवलं. टाळ्या थांबेनात. मी पाच मिनिटं बोलले. मन मोठं असावं लागतं, ते शाळेने मला शिकवलं, असं सांगितलं. खोटं नाही सांगत. त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की आपण काहीतरी मोठं केलं आहे.

इंदू टाळ्या वाजवत नव्हती. तिचा खांदा दुखतो हल्ली.

शशीला फोटो पाठवले. त्याने पाहिल्याच्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

१२ जून, रविवार

शशीने नागपूरला बदली मागितली होती, मिळाली. मला आज सांगितलं, सामान बांधून झाल्यावर. वाईट वाटलं. पण विचार केला तर सोयीचंच आहे. दत्तकाच्या कागदांसाठी तिकडे राहावं लागतं, असं सांगता येतं. सांगितलंही.

जाताना पाया पडला. मी म्हटलं, "बाळाला घेऊन या लवकर." तो म्हणाला, "तब्येत सांभाळ."

२४ जुलै, रविवार

जुन्या मऊ लुगड्याची चार झबली शिवली. टाके हाताने घातले, मशीनची शिवण बाळाला टोचते. इंदू आली तर उशीखाली लपवली. संस्थावाले बाळ सहा महिन्यांचं झाल्यावरच देतात असं मी सांगून बसले आहे, आणि ही झबली नुकत्याच जन्मलेल्याची.

घर फार शांत आहे. हेमलताच्या बांगड्यांचा आवाज व्हायचा सकाळी, त्याचा मला राग यायचा.

३१ ऑगस्ट, बुधवार

काल मुलगी झाली. पावणेतीन किलो. दोघी सुखरूप. शशीने सकाळी फोन केला. मी आधी देवाला नमस्कार केला. नातू हवा होता, पण नात तर नात. म्हटलं, "नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणा. थोडी अंगाने भरली असेल, सहा-आठ महिन्यांची म्हणून खपून जाईल. तोवर कुठे फोटोबिटो टाकू नका."

त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, एक काम कर. इंदूमावशीला फोन कर आणि सांग की पोरगी माझी आहे. माझी अन् हेमाची. बस, एवढंच. दवाखान्यातून सोडलं की तिला घेऊन पहिले तुझ्याकडेच येतो. तुझ्या मांडीवर ठेवतो."

"अरे, असं कसं सांगू? मग ऑपरेशन कुणाचं झालं होतं ते विचारतील."

"माझं झालं म्हणून सांग."

"लोक तुला काय म्हणतील, शशी?"

"मला का तुला?"

मी म्हटलं, सत्कार झाला, मानपत्र भिंतीवर आहे, सगळ्या मंडळात माझं हसं होईल. तू मुलगा आहेस, आईचा एवढा विचार कर. मागे बाळ रडत होतं. बारीक आवाज. मी ऐकत होते.

तो म्हणाला, "मग नको," आणि फोन ठेवला. चिडला आहे. आठ दिवसांत निवळेल.

३ सप्टेंबर, शनिवार

हेमलताने फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही. पोरीचं नाक थेट रामरावांचं, आणि हनुवटीला शशीची खळी. मी तासभर बघत बसले. मग दुपारी ज्योती वर्गणीची पावती द्यायला आली आणि माझा फोन टेबलावर उघडाच पडलेला. तिने पाहिला असता तर? असं नाक संस्थेतल्या पोरीला कसं, हे तिने पहिल्यांदा विचारलं असतं. ती गेल्यावर फोटो काढून टाकला. पुढे प्रत्यक्षच बघायची आहे.

२५ सप्टेंबर, रविवार

शशी फोन उचलत नाही. काटोलला केला, विहीणबाई म्हणाल्या, "बारसं झालं, रेवा नाव ठेवलं. आम्हांला वाटलं तुम्हांला ठाऊक असेल." मी म्हटलं, हो, ठाऊक होतं.

रेवा. म्हणजे आमची नर्मदाच की. जबलपूरचं नाव ठेवलं आणि जबलपूरला आणायचं नाही.

आज दोन वेळा इंदूच्या फाटकापर्यंत गेले. एवढंच सांगायचं आहे, चार शब्द. इंदू हसणार नाही, हे मला माहीत आहे. पण इंदूच्या दारात ज्योतीची स्कूटर उभी होती. दुसऱ्यांदा गेले तेव्हा नव्हती, पण तेव्हा मला माझं मानपत्रातलं वाक्य आठवलं. परत आले.

११ ऑक्टोबर, दसरा, मंगळवार

सोनं द्यायला मंडळाच्या सगळ्या बायका आल्या होत्या. इंदूही होती. मी खीर केली होती. ज्योतीने विचारलंच, "काकू, बाळ कधी आणून राहिले? आम्ही पाळणा सजवायची तयारी करून ठेवली आहे."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. काहीतरी सांगणं भागच होतं. मी म्हटलं, "नाही आणत आता. तब्येतीची तक्रार निघाली मुलीला. शशीने संस्थेला परत केलं."

इंदूने खिरीची वाटी खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिली, डोळे भरलेले, काहीतरी बोलेल असं वाटलं. मग तिने पदराने तोंड पुसलं, पर्स उचलली आणि सोनं न देताच निघून गेली. हल्ली फार हळवी झाली आहे.

ज्योतीची सासू म्हणाली, "बरं केलं हो शशीनं. कुठली कोणाची पोर, घरात घेऊन जन्मभर निस्तरत बसा."

"तेच तर," मी म्हटलं, आणि त्यांना आणखी खीर वाढली.